चौथ्या वर्षाचा फॉर्म

घरात मी एकदाच मोठी लबाडी केली आणि ती जवळजवळ वर्षभर टिकली. माझी बी.एस्सी. तीन वर्षांची आहे, असं मी आईला आणि अण्णांना सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. तीन वर्षं झाली की पदवी घेऊन बाहेर पडता येत होतं. पण नव्या पद्धतीत त्याच्या पुढं आणखी एक वर्ष होतं, ऑनर्सचं. त्या वर्गात ज्यांना जाता येणार होतं त्यांच्या यादीत माझं नाव होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी बीडला वनस्पतिशास्त्र शिकत होते. आमचं गाव शिरूर कासारच्या पुढं, सिंदफणेच्या काठावर. दिवाळीनंतर नदीत पाण्यापेक्षा वाळू आणि बाभळीच जास्त दिसतात. दसरा झाला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. आई आणि अण्णाही जायचे आणि होळीच्या पुढंमागं परत यायचे. मी लहानपणी चार हंगाम त्यांच्याबरोबर काढले. मग शाळेसाठी मला चुलत्यांकडे ठेवलं, आणि बारावीनंतर बीडच्या वसतिगृहात.

ऑनर्सच्या वर्षात एकाच विषयात खोल जायचं असतं. एक प्रश्न घ्यायचा, वर्षभर त्याच्या मागं लागायचं, जे सापडेल ते लिहायचं, आणि मधूनमधून सगळ्या विभागासमोर उभं राहून इंग्रजीतून सांगायचं. आमच्या विभागाच्या मॅडमना मी यावं असं फार वाटत होतं, कारण मला सेक्शन चांगले काढता यायचे. सेक्शन म्हणजे खोडाची किंवा देठाची ब्लेडने कापलेली चकती, इतकी पातळ की तिच्यातून उजेड आरपार जावा. बाकी मुलींच्या चकत्या काकडीसारख्या जाड यायच्या. माझ्या पाण्यावर तरंगायच्या आणि दिसायच्याही नाहीत. मला बाकी फार काही येत होतं असं नाही, पण हे येत होतं.

तरी मी फॉर्म भरणार नव्हते. मी मनात एक गोष्ट धरून बसले होते. ज्या दसऱ्याला माझी नोकरी सुरू असेल, त्या दसऱ्याला आई उसाच्या गाडीत बसणार नाही. तेलगावला माझे मामा राहतात. त्यांचं खतांचं दुकान आहे आणि गावात त्यांच्या शब्दाला किंमत आहे. त्यांनी तिथल्या एका इंग्रजी शाळेत माझ्यासाठी विज्ञान शिकवायची जागा बघून ठेवली होती. शाळा उघडली की मी रुजू व्हायचं, असं ठरलं होतं. चौथं वर्ष घेतलं असतं तर आईचा अजून एक हंगाम गेला असता. एवढं साधं होतं ते, आणि त्यात कुणाला विचारण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

परीक्षा संपली त्या दिवशी माझं सामान न्यायला आई बीडला आली. हंगामातून परतून तिला महिनाच झाला होता. हातांवरचे उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून काळे दिसत होते. वसतिगृहातून गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आम्ही निघालो. कॉलेजात ओळखपत्र परत करायचं राहिलं होतं म्हणून आत शिरलो, आणि विभागाच्या व्हरांड्यात मॅडम समोरून आल्या.

"या तुझ्या आई का?" त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आईकडे वळल्या. "मावशी, बरं झालं तुम्ही भेटलात. जरा समजवा हिला. ऑनर्सचा फॉर्म भरायला तयारच नाही. चौथ्या वर्षाला आमच्याकडे मोजक्याच मुलींना घेतात, त्यात हिचं नाव आहे, आणि ही म्हणते घरून नको म्हणतात."

घरून नको म्हणतात, असं मी मॅडमना खरंच सांगितलं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. मग पदर सारखा करून ती मॅडमना म्हणाली, "व्हय, आमचं बोलणं चाललंच व्हतं त्याच्यावर. सांगते तिला समजावून."

चौथ्या वर्षाचं नावही तिनं त्या क्षणापर्यंत ऐकलं नव्हतं. पण माझ्या मॅडमसमोर तिनं मला उघडं पाडलं नाही. तिच्या या एका वाक्यासाठी मी आजही तिच्यापुढं मान खाली घालते.

मॅडमना काय वाटलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "आला आहात तर ही इथं काय करते ते बघून जा." मला त्यांनी गेटबाहेरच्या रसवंतीवरून उसाचं एक कांडं आणायला पाठवलं. उन्हाळ्याचे दिवस होते, घुंगरू वाजत होते, चरकाजवळ गर्दी होती. मी हातभर कांडं घेऊन आले तेव्हा आई प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसली होती, चपला खाली काढून ठेवलेल्या.

मी ब्लेड घेतलं. मी कापायला लागले तशी ती पुढं झुकली. "अंगठा आत घे की. कापंल."

"आई, असंच धरतात."

"न्हाई, आत घे."

मी अंगठा आत घेतला. मॅडम हसू दाबत होत्या. पाच-सहा चकत्या काढून त्यातली सगळ्यात पातळ मी ब्रशने उचलली, लाल रंगात बुडवली, धुतली, काचेवर ठेवली आणि सूक्ष्मदर्शक लावून दिला.

आईला आधी काहीच दिसेना. "केसं केसं दिसायलेत काळे," ती म्हणाली. त्या तिच्याच पापण्या होत्या. सगळ्यांना पहिल्यांदा त्याच दिसतात. मी तिची मान जरा मागं घेतली, दुसरा डोळा मिटायला लावला आणि स्क्रू हळूहळू फिरवला.

तिनं दोन्ही हातांनी टेबल धरलं. मग म्हणाली, "ही तोंडं कुणाची?"

"कसली तोंडं?"

"माकडाची. दोन डोळे, खाली तोंड. लई हायेत. सगळीकडं तोंडंच तोंडं."

उसाच्या खोडात पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे असतात आणि ते अगदी तसेच दिसतात. पुस्तकंही तेच सांगतात, पण आम्हाला ते शिकवावं लागलं होतं. तिला ते आपोआप दिसलं. मी तिला सांगितलं की ते दोन डोळे म्हणजे पाण्याच्या नळ्या. ती तशीच वाकून बघत राहिली. इतका वेळ की मॅडम खिडकी उघडायला गेल्या आणि परत आल्या.

मान वर करून ती मॅडमना म्हणाली, "यवढी वर्षं तोडला. आतून कधी बघितला न्हाई."

बीडच्या स्टँडवर शिरूरची गाडी मिळाली तेव्हा दुपार कलली होती. वळकटी मांडीवर घेऊन आई खिडकीशी बसली. वाटेतलं रायमोहा गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच तिनं विचारलं, "चौथं वर्ष कवापासून ठावं हाय तुला?"

"वर्ष झालं."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

जे होतं तेच मी बोलले. "तू यंदा तोडीला जाऊ नयेस म्हणून. मी शाळेत लागले की तुला जायची गरज नाही."

मला वाटलं होतं तिचे डोळे भरतील. कदाचित मी वर्षभर याच क्षणाची वाट बघत होते, की कधीतरी तिला हे कळेल आणि ती मला जवळ घेईल. तिनं जवळ घेतलं नाही. ती चिडली.

"मला इचारलंस?"

"यात विचारायचं काय, आई?"

"मपलं जायचं का न्हाई ते तू ठरवलंस, न मला इचारायचं न्हाई?" पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली तशी तिनं आवाज खाली घेतला. "मी सातवीत व्हते. आई-बाबा तोडीला निघाले. तुपला मामा चार वर्सांचा. त्याला सांभाळाया कोण, म्हणून मला शाळंतून काढलं. मास्तर घरी आलते. म्हनले, पोरगी हुशार हाय, गणित चांगलं हाय. तवा बी मला कुणी इचारलं न्हाई, बाई तुला काय वाटतंय म्हणून. आन आता तू. तू बी मपलं ठरवून मोकळी झालीस. त्यांच्यात न तुझ्यात काय फरक?"

आईनं शाळा सातवीत सोडली हे मला माहीत होतं. ती नापास झाली असेल असं मी धरून चालले होते. गणित चांगलं होतं, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, एसटीच्या बाकावर, तिच्या मांडीवर वळकटी असताना.

घरी अण्णा ओसरीत दावं वळत बसले होते. रात्रीच्या जेवणाआधी मी त्यांना सगळं सांगितलं, माझी लबाडीही. अण्णा कमी बोलतात. अंबाडीचे पेड मांडीवर वळता वळता त्यांनी विचारलं, "ते वर्ष केल्यावर काय व्हतं?"

"नक्की असं काही होत नाही, अण्णा. पुढं एम.एस्सी.ला एक वर्ष कमी लागतं. संशोधनाकडं जाता येतं. पण नोकरी लागेलच असं कुणी सांगत नाही."

"आन शाळंत?"

"शाळा उघडली की लगेच."

त्यांनी दाव्याला गाठ मारली आणि ओढून बघितली. "मला त्यातलं कळत न्हाई. तुला खोटं कशाला सांगू? पर तुपल्या आईनं आल्यापासून भाकरीचा तुकडा मोडला न्हाई, यवढं मला कळतंय. आधी तिच्याशी नीट बोल."

मी चुलीजवळ जाऊन बसले. आईनं मला धुडकावलं नाही, पण मऊही पडली नाही. भाकरी थापत म्हणाली, "मी तोडीला जायचं का न्हाई ते मी न तुपले अण्णा बघू. त्याच्यात तू पडू नगस. तुझं तू ठरव. पर ती शाळा आधी डोळ्यानं बघून ये. न बघता हो म्हणू नगस, न बघता न्हाई बी म्हणू नगस."

चार दिवसांनी आम्ही दोघी तेलगावला गेलो. तिकडची जमीन आमच्यासारखी कोरडी नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचा खोडवा फुटलेला, मध्येच कापसासाठी नांगरून तापत पडलेली काळी रानं. मामांनी शाळेच्या सरांना सांगून ठेवलं होतं. उन्हाळी वर्गाची थोडी मुलं येत होती, त्यांना एक तास शिकवून दाखवा, असं सर म्हणाले.

सातवीचा वर्ग होता. फळ्यावर लिहायचं मी ठरवलं होतं, पण खडूला हात लावला आणि मन बदललं. शाळेच्या आवारात पिंपळ होता. मी मुलांना एकेक पान आणायला पाठवलं, आणि सगळ्यांना खिडकीशी उभं करून पान उन्हात धरायला सांगितलं. "काय दिसतंय?" एक मुलगी म्हणाली, रस्ते. दुसरा म्हणाला, आमच्या शेतातल्या पाटासारखं दिसतंय. मग तो तास माझा राहिलाच नाही. पाणी कुठून येतं, कुठं जातं, पान फाटलं तर वाट बदलतं का, मुलं एकमेकांच्या वरताण विचारत होती आणि मला प्रत्येकाचं उत्तर येत होतं. घंटा झाली तेव्हा माझा घसा बसला होता आणि मी खूश होते. खरंच खूश होते. सर म्हणाले, "ताई, तुम्ही या. आम्हाला अशीच बाई हवी होती."

शाळा वाईट निघाली असती तर सोपं झालं असतं.

दुपारी मामांकडे जेवायला बसलो. मामी वाढत होत्या. मामा उत्साहात होते, माझी राहायची सोय कुठल्या खोलीत करायची ते सांगत होते. आईनं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "बापू, पोरीचं कॉलेजात अजून एक वर्ष हाय. ती काय करंल ते तिनं अजून ठरवलं न्हाई. तू शाळंला शब्द दिलायस, म्हणून पहिलं तुला सांगायला आले."

मामांचा चेहरा उतरला. "अक्का, आता कुठं? जागा पक्की केली मी. त्यांना काय तोंड दाखवू?"

"सांग, बहिणीनं अडीवलं."

"अगं पण कशाला? तिच्यासाठीच केलं ना सगळं? चांगली शाळा हाय, घर हाय, आणि तुला तोडीला जायची..." मामा मध्येच थांबले. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. खाली बघत म्हणाले, "तू सातवीत होतीस ना, अक्का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. चार वर्षांच्या पोराला तेव्हा काय कळलं असेल? नंतर कुणीतरी सांगितलं असणार, आणि ते त्यांनी इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं.

"जेव," आई म्हणाली. "कालवण निवायलंय."

मामा जेवले. हात धुऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळा उघडेपर्यंत मी त्यांना थांबवतो. तवर ठरव. काहीबी ठरव, मला राग न्हाई."

त्या दिवशी परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. आई अडवत नव्हती, अण्णा अडवत नव्हते, मामांनी सोडून दिलं होतं. पण गावी आल्यावर दोन रात्री मला झोप लागली नाही. अडवणारं कुणी राहिलं नाही तेव्हा मला कळलं, मी घाबरले होते.

दुसऱ्या वर्षी एकदा मी विभागासमोर इंग्रजीतून बोलायला उभी राहिले होते. पाठ करून गेले होते. चौथ्या वाक्याला एक शब्द आठवेना. तो शब्द सोडून पुढं जाताही येईना. कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत राहिले आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मी "सॉरी" म्हणून खाली बसले. त्यानंतर मी कुणालाही न सांगता ठरवून टाकलं होतं की सेक्शन काढणं वेगळं आणि शास्त्रज्ञ होणं वेगळं. तेलगावच्या वर्गात मला उत्तरं येत होती, कारण प्रश्न सातवीचे होते. ऑनर्सला मला न येणाऱ्या प्रश्नाबरोबर वर्षभर राहावं लागणार होतं. आईचा हंगाम ही माझी खरी काळजी होती. पण तिच्या आड मी उभीही होते.

मी बीडला गेले आणि मॅडमना हेच सांगितलं. सुट्ट्यांमुळे विभागात त्या एकट्याच होत्या, कूलर घरघरत होता, टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"मॅडम, घरून नको म्हणतात हे खोटं होतं. मला येणार नाही, म्हणून मी फॉर्म भरत नव्हते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाहीच येणार. येत असतं तर वर्ष कशाला लागलं असतं?"

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तुझ्या आईसमोर मी बोलून गेले, ते चुकलं माझं. तुझं तू सांगायला हवं होतंस, ते मी सांगितलं. आता मी आग्रह करणार नाही. शाळेत शिकवायला तुला आवडलं असेल तर ते काही कमी नाही. मी स्वतः सहा वर्षं शाळेत होते. फक्त कुठंही जा, पळून जाऊ नकोस."

फॉर्म मोबाइलवरच भरायचा होता आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. मी स्टँडवर येऊन फलाटाच्या सावलीत बसले. नाव, गाव, विषय भरून झालं. शेवटी एक ओळ होती, हा पर्याय मी स्वतःच्या इच्छेने निवडत आहे, आणि तिच्यापुढं एक रिकामा चौकोन. बाकीची मुलं तिथं न वाचता बोट ठेवत असतील. मी शिरूरची एक गाडी जाऊ दिली. पिंपळाची पानं उन्हात धरणारी ती मुलं मला दिसत होती. मी त्यांना सोडून निघाले होते असं वाटत होतं, जरी त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. मग मला आठवलं की त्या तासात मला सगळ्यात जास्त मजा कशाची आली होती. पान फाटलं तर पाणी वाट बदलतं का, हे एका पोरानं विचारलं, त्याची. त्याला मी उत्तर दिलं होतं, पण ते अर्धंच होतं. मला स्वतःला ते नीट माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसं वाटत होतं.

मी चौकोनावर बोट ठेवलं. मग आईला फोन लावला.

"भरला."

"कशाचा?"

"ऑनर्सचा."

पलीकडे शेळी ओरडत होती. "बरं," आई म्हणाली. "येताना जिरं न मोहरी घेऊन ये. संपलंय."

दसऱ्यानंतर आई आणि अण्णा निघाले. याच्याबद्दल मला गोड काही लिहिता येणार नाही. मी सुट्टी घेऊन गावी गेले होते. भांडी, पाण्याचा पिंप, पत्रे, गोधड्या ट्रॅक्टरवर चढवायला मी मदत केली आणि प्रत्येक वस्तू वर देताना वाटलं, ही मी वर चढवतेय. एकच झालं, मामांनी खटपट करून त्यांना जवळच तोड करणारी टोळी मिळवून दिली होती. त्या वर्षी ते लांब पश्चिमेकडे गेले नाहीत. तेलगावच्या पलीकडच्या उसाच्या फडांवर होते, बीडहून दीड-दोन तासांवर. मामी महिन्यातून दोनदा त्यांच्यासाठी डबा घेऊन जायच्या.

माझं वर्षही सोपं गेलं नाही. पहिल्या सेमिनारला मी पुन्हा अडखळले. त्या वेळी मात्र बसले नाही. शब्द आठवला नाही तिथं मराठीत सांगितलं, आणि मॅडमनी मागच्या बाकावरून इंग्रजी शब्द पुरवला, जणू ते ठरलेलंच होतं. दुसऱ्या वेळी तीनदा पुरवावा लागला. तिसऱ्या वेळी एकदा.

आई दर रविवारी दुपारी फोन करायची. "या आठवड्यात काय बघितलंस?" एवढं विचारायची आणि ऐकत राहायची. तिला सांगताना मला एकही पुस्तकी शब्द चालायचा नाही. मूळ पाणी कसं ओढतं, हे मी तिला दिव्याच्या वातीवरून सांगितलं, आणि सांगता सांगता मला स्वतःला कळलं की मला त्यातलं कुठं कळलेलं नाही. थोड्या दिवसांनी ती फोन स्पीकरवर ठेवायला लागली. टोळीतल्या बाया भोवती बसायच्या. मागून कुणीतरी विचारायचं, "पोरी, मग रानातली हराळी का मरत न्हाई ते बघ की," आणि सगळ्या हसायच्या.

जानेवारीत आई आजारी पडली. ताप होता, आठ दिवस उतरेना. मामांनी तिला घरी आणून दवाखान्यात दाखवलं. मी तेलगावला गेले तेव्हा ती मामांच्या ओसरीत घोंगडी पांघरून बसली होती, गाल आत गेलेले. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "मी चुकले, आई. यंदा शाळेत लागले असते तर तू फडावर गेली नसतीस."

"ताप घरी येत न्हाई व्हय?" ती म्हणाली. मग माझा हात ओढून घेतला, तळहात उलटून बघितला. ब्लेडने कापल्याच्या बारीक खुणा होत्या बोटांवर. "तुला सांगितलं व्हतं अंगठा आत घे म्हणून."

मी रडले. तिनं रडू दिलं. मामी चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघितलं आणि कपबशा खाली ठेवून परत आत गेल्या.

बरी झाल्यावर ती फडावर परत गेली. जाऊ नको असं मी म्हटलं, अण्णांनीही म्हटलं. अण्णा एकटे कशी तोड करतील, आणि महिन्या-दीड महिन्याचंच काम राहिलंय, असं तिचं म्हणणं होतं. तिचं तिनं ठरवलं. मी तिला सोडायला गेले. मुख्य रस्त्यापासून फडापर्यंत बैलगाडीच्या चाकोरीनं आम्ही दोघी चालत गेलो. धुकं उठत होतं, उसाच्या तुऱ्यांवर ऊन यायला लागलं होतं. टोळीतल्या बायांनी मला घेरलं. ज्यांचे मी फक्त आवाज ओळखत होते, त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसत होते. हराळीवाली बाई निघाली माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठी, कडेवर लेकरू असलेली. "बघितलंस का मग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बघतेय. ती म्हणाली, "बघ. मला खुरपून खुरपून कटाळा आलाय."

परत निघाले तेव्हा आई रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बस लांबून दिसली तशी तिनं माझ्या पिशवीत भाकरीचं फडकं कोंबलं आणि जा म्हणून पाठीवर हात मारला. मी खिडकीत बसून मागं वळून बघितलं, तर ती थांबली नव्हती. पदर खोचून झपझप फडाकडं निघाली होती, कारण अण्णांनी तोडलेला ऊस बांधायचा पडला होता.